धक्क्यावरची वीज

दिगंबर बंदरात क्रेन चालवायचा. पवनचक्क्यांची लांबलचक पाती तो बोटीवर चढवायचा. भर समुद्रात त्या पात्यांवर स्वच्छ वीज तयार व्हायची, पण ती पाती न्यायला आलेल्या बोटी धक्क्याला लागल्या की दिवसरात्र डिझेलवर धडधडत राहायच्या. त्यांचा धूर भिंतीपलीकडच्या वसाहतीत, थेट त्याच्या घरात यायचा. बायकोचा, शेवंतीचा, दमा त्या धुरानं वाढतच गेला.

"पल्लवीकडे जाऊन राहा जरा," तो म्हणायचा.

"लेकीच्या घरी किती राहू? आणि तुमच्या जेवणाचं काय? धक्क्यावर वीज आली की बोटींची इंजिनं बंद राहतील, असं तुम्हीच म्हणता ना. थांबू तोवर."

पावसात केबल टाकण्याचं काम अडलं. गणपती गेले आणि आठवड्याभरात शेवंतीही गेली.

दिवाळीच्या तोंडावर पहिल्या बोटीला धक्क्यावरून वीज जोडली आणि तिचं इंजिन शांत झालं. साहेबांनी पेढे वाटले. दिगंबरनं आपला पेढा तसाच खिशात टाकला. पाळी संपवून तो घरी आला.

पल्लवी सणाला आली होती. कायम बंद असलेली खिडकी तिनं सताड उघडली होती. खारा वारा घरभर फिरत होता आणि लाटांचा आवाज येत होता. इतक्या वर्षांत तो या घरात कधी ऐकू आला नव्हता.

"खिडकी लाव आधी," दिगंबर दारातूनच म्हणाला, "तुझ्या आईला..."

पल्लवीनं त्याच्याकडे पाहिलं. तो चपला न काढताच उंबऱ्यावर बसला. खिडकी कोणीच लावली नाही.