धुराड्याची ओढ

अलेक्झांड्रियातल्या इन्साफबाईंच्या लाँड्रीत धुराडं इतकं ओढायला लागलं, की बॉयलरच्या गॅसच्या ज्योती विझायच्या. वाफ नाही, चादरी ओल्याच.

ओढ कमी करायला बॉयलर दुरुस्त करणारा उस्ताद बिशारा झाकण घेऊन गच्चीवर चढला. आधी त्याने कागदाचा तुकडा धुराड्याच्या तोंडाशी धरला. तो वर उडायला हवा होता. सुळकन आत गेला.

"बाई, कागद खाली आला का?"

"कागद कसला डोंबलाचा!" इन्साफबाई खालून ओरडल्या. "माझा डोक्याचा रुमालच आत गेला. वर आला का?"

"नाही."

बिशारा चक्रावला. वरूनही आत, खालूनही आत. मग जातंय कुठे?

"थांबा उस्ताद, मीच आत डोकावते."

"नको!" तो ओरडला.

ओठ हलले, पण शब्द त्याच्याच कानांपर्यंत पोचला नाही. तो शब्दही आत गेला.