तोरलाइफचा ग्रामोफोन

दर रविवारी ओड्नी शेजारच्या विधुर हॉकनकडे ग्रामोफोन ऐकायला जायची आणि इकडे तिचा नवरा तोरलाइफ गार कॉफीपुढे जळफळत बसायचा. शेवटी त्याने बर्गनच्या जुन्या बाजारातून मोडका ग्रामोफोन उचलून आणला. पान्हाही कधी न धरलेल्या माणसाने तो खोलला. आतली स्प्रिंग उसळून तळहात फाटला, तेव्हा पट्टी बांधताना ओड्नी म्हणाली, "हॉकनला विचार ना!" "मेलो तरी नाही विचारणार!" हिवाळाभर खपून त्याने गंज काढला, नवी स्प्रिंग बसवली. रविवारी चावी दिली, सुई टेकवली. गाणं वाजलं! ओड्नीने तरीही कोट चढवला. "आता त्याच्याकडे जास्तीचं काय आहे?" तो ओरडला. "गाणं संपलं की तो विचारतो, कसं वाटलं." तोरलाइफ ग्रामोफोनपाशी परत वळला. तबकडी संपली. "मग... कसं वाटलं?" "फार कर्कश," ती म्हणाली आणि तिने कोट उतरवला.