चार बोटं दुमड

मध्यंतर संपत आलं तेव्हा जोतिरामच्या उजव्या हाताची चार बोटं मिटलेली होती आणि डाव्या हाताचीही चारच. उजवा हात पिक्चर आवडलेल्यांचा, डावा न आवडलेल्यांचा. हातातला समोसा त्यानं बायकोकडे दिला आणि तो पुन्हा गर्दीत घुसला. खांबाला टेकून अपेक्षा बापाच्या बोटांकडे बघत होती. तिचा जीव त्या बोटांत अडकला होता.

जोतिरामचं सोलापुरात शाळेच्या गणवेशांचं दुकान. सहा मशिनं. त्याची ही पोरगी दोन वर्षांपूर्वी मुंबईला एका सिनेमाचे कपडे शिवायला गेली. आज पडद्यावर होता तो हाच सिनेमा. आता त्याच लोकांनी तिला पुढच्या सिनेमासाठी बोलावलं होतं आणि सोमवारच्या गाडीचं तिकीटही काढून पाठवलं होतं. जोतिरामला हे काम म्हणजे निव्वळ पोरखेळ वाटायचा. एक दिवस अंगावर घालून फेकायचा कपडा, त्यात कसलं आलंय शिवणकाम? पण धंद्यात त्याचा एक नियम होता. कपडा चांगला की वाईट हे शिंप्यानं ठरवायचं नाही, गिऱ्हाइकानं सांगायचं. तोच नियम त्यानं पोरीला लावला.

"लोकांना पिक्चर आवडलं तर खुशाल जा," तो म्हणाला होता. "न्हाय तर आपलं मशीन हायच की."

आणि लोकांचं काही एकमत होईना. सिनेमात एका राजाला चालायचा कंटाळा येतो, म्हणून तो अख्ख्या राज्याला झोपाळे टांगतो. राजवाडा बर्फाच्या गोळ्यासारखा लाल-हिरवा, छत्र्यांची झाडं, गॉगल लावलेले जांभळे हत्ती. राजा झोपाळ्यात अडकला तेव्हा मंद्रूपच्या एक आजी इतक्या हसल्या की पुढचं त्यांना काही दिसलंच नाही. एक गुरुजी म्हणाले, डोळे दिपले, पण गोष्ट कुठं आहे? एका चिमुरडीला आजपासून तिथंच राहायला जायचं होतं. तिच्या बापाचं रंगांनी डोकं उठलं होतं. घंटा वाजली तेव्हा दोन्ही हातांच्या मुठी वळलेल्या होत्या. पाच आणि पाच.

"आता गं?" रुक्मिणीनं लेकीला हळूच विचारलं.

उत्तरार्धात ते गाणं आलं. राजवाड्यातल्या दहा-बारा वर्षांच्या सोळा मुली पिवळेधमक घागरे घालून झोपाळ्यांवरून उतरल्या आणि गिरक्या घेऊ लागल्या. सोळाही घागरे अपेक्षानं शिवलेले. अख्खं थिएटर टाळ्यांवर आलं. डोकं उठलेला चिमुरडीचा बापसुद्धा ताल धरत होता. जोतिराम तेवढा पुढच्या खुर्चीवर दोन्ही मुठी टेकून पडद्यात घुसला होता.

"दुमड उसवलीय," तो मोठ्यानं म्हणाला.

पुढच्या रांगेतल्या माणसांनी वळून पाहिलं. अपेक्षानं डोळे मिटून घेतले. पडद्यावर हजार दिवे होते, हत्ती होते, आभाळातून फुलं पडत होती. आणि बापाला दिसली ती घागऱ्याच्या कडेपाशी, दोन बोटं वर, एक बारीक रेघ. वरचं कापड दिव्यांनी जरा विटलेलं, खालची पट्टी कोरी. सोलापुरातल्या प्रत्येक आईला ही रेघ ठाऊक असते. पोर वाढलं की शाळेच्या स्कर्टवर ती उमटतेच. जोतिरामच्या दुकानातून कडेला आत वळवलेली चार बोटं दुमड सोडल्याशिवाय कपडा बाहेर जात नाही. पोर वाढणार, पुढच्या जूनमध्ये आईनं खालची शिवण उसवावी, कपडा आणखी वर्षभर जावा, हा हिशोब. अपेक्षा बाराव्या वर्षी मशीनवर बसली ती हेच शिकत.

सिनेमा सुटल्यावर तो जिन्यातच थांबला.

"शाळेचा कपडा होता का तो? राजाच्या पोरींना दुमड सोडलीस?"

"हाताला सवय, अण्णा. कळलंच न्हाय मला." अपेक्षा खाली बघत म्हणाली. "तिथल्या आमच्या शिवणाच्या बाई लई बोलल्या. म्हणाल्या, पुढल्या वर्षी कोण घालणार हाय हे?"

"मग?"

"मग शूटिंग लांबलं. चौदा महिने. पोरी वाढल्या. बाकीच्यांनी शिवलेले सगळे कपडे आखूड झाले, नव्यानं करावे लागले. आपले सोळाच्या सोळा तेवढे दोन-दोन बोटं उसवून पुरले." तिनं मान वर केली. "म्हणून तर परत बोलावलंय मला."

जोतिरामला एकदम फार बरं वाटलं. रुक्मिणी तोंडाला पदर लावून हसत होती.

दारात पुढच्या खेळाची गर्दी उभी होती. आत जाणाऱ्यानं बाहेर येणाऱ्याला विचारायचं, हा रिवाजच. मध्यंतरभर जो सगळ्यांना विचारत फिरला, त्यालाच एकानं अडवलं.

"काका, कसं हाय पिक्चर?"

जोतिरामनं आपल्या दोन वळलेल्या मुठींकडे पाहिलं आणि त्या सोडून दिल्या.

"गोष्टीत काय दम न्हाय," तो म्हणाला. "पण सोळा पोरी नाचाय लागल्या की घागऱ्याच्या कडंला बघा, दोन बोटांवर एक रेघ दिसंल. ती आमच्या ह्या पोरीची हाय. सोमवारी परत चाललीय मुंबईला."