भिकुबाईचा डबा

बिबट्याने पोट जमिनीला टेकवलं आणि किरणने श्वास रोखला.

केळीच्या दोन ओळींमधल्या पाटातून, चाळीसेक पावलांवर, तो सरकत होता. एक पंजा पुढे. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. कान चपटे झाले होते, शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. म्हणजे शिकार समोर होती. सकाळचे सात वाजले होते, उजेड हवा तसा होता, आणि फोटो हलू नये म्हणून किरणने कॅमेरा गुडघ्यावर टेकवला होता.

जळगावच्या मेहरूणमधून चोपड्याकडच्या या तापीकाठच्या केळीत येऊन बसल्याला त्याला आज चौथा दिवस. रजा आज संपत होती. बसलेल्या, जांभया देणाऱ्या बिबट्यांचे फोटो त्याच्याकडे ढिगाने होते. त्याला शिकार करणारा हवा होता. आठ वर्षं या एका फोटोने त्याला झपाटलं होतं. माझी सवत ठिपक्यांची आहे, असं त्याची बायको येईल त्याला सांगायची.

केळीची बाग भिकुबाईची. साठी उलटलेली काटक बाई. वाळक्या पानांचा आडोसा तिनेच त्याला बांधून दिला होता आणि रोज सकाळी ती त्याच्यासाठी चहाची किटली घेऊन यायची. पण येताना तेलाचा रिकामा डबा विळ्याने बडवत यायची. मैलभर ऐकू जाईल असा ठणठणाट.

"अक्का, तो डबा नका ना वाजवू," काल किरण काकुळतीला आला होता. "तुमचा आवाज आला की तो निघून जातो."

"आठे बठ्ठा वाजाडीसनच येतस, भाऊ. त्याले समजाले पाहिजे ना, माणूस ई ऱ्हायना. मंग तो आपला बाजूले व्हई जास." इकडे सगळेच वाजवत येतात, माणूस येतोय हे कळलं की बिबट्या आपणहून बाजूला होतो, असं तिचं म्हणणं.

पण त्याचा पडलेला चेहरा तिला बघवला नाही. डबा त्याच्या पायाशी ठेवून ती हसत निघून गेली. तो अजून तिथेच पडला होता.

पाटाच्या टोकाला पानं हलली. जमिनीलगत काहीतरी तपकिरी पुढे येत होतं. याच वाटेने रोज सकाळी रानडुकरं जायची. किरणने बटण दाबलं. एक, दोन, पाच, अकरा फोटो. बिबट्याच्या खांद्यांची हाडं वर आली. आता उडी, या क्षणी उडी. लोंबत्या पानाखालून ते तपकिरी आणखी वाकलं आणि काहीतरी चमकलं.

डुकराच्या अंगावर चमकण्यासारखं काय असतं?

किटली होती ती. आणि ते तपकिरी लुगडं होतं.

किरण ओरडायला गेला तर घशातून नुसती हवा निघाली. चार दिवसांत तो कुजबुजण्यापलीकडे बोलला नव्हता. कॅमेरा हातातून कधी पडला हे त्याला कळलंही नाही. पायाशी डबा होता. तो उचलून त्याने मुठीने बडवायला सुरुवात केली, वेड लागल्यासारखा, आणि मग त्याला आवाजही फुटला.

बिबट्या जागच्या जागी वळला. एक ठिपक्यांची पाठ दिसली, चार पानं हलली, आणि पाट रिकामा झाला.

भिकुबाई समोर येऊन उभी राहिली तरी किरण डबा बडवतच होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला काहीच दिसलं नव्हतं, पानांची सळसळ तेवढी ऐकू आली होती. तिचे पाय चिखलाने माखले होते. एका हातात चहाची किटली होती आणि दुसऱ्या हातात चपला.

"काय रे भाऊ," ती रागावली. "आवाज नको म्हनीसन मी चपला हातमा धरीसन उनू, आन् तूच डबा वाजाडस? पयी गया ना तुना वाघ!"