स्टॉप नसताना

पुलाच्या अलीकडे ड्रायव्हरने बस अचानक कडेला घेतली. त्याची छाती आवळून आली होती, हातांना कापरं भरलं होतं. या महिन्यातली ही तिसरी वेळ. कंडक्टरबाईंनी प्रवाशांना सांगितलं, "इंजिन तापलंय, पाच मिनिटं थांबू." मागे कुरकुर सुरू झाली. ती ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिल्या सीटवरच्या आजी उठून त्याच्याजवळ आल्या. "इंजिनाला काही झालेलं नाही ना रे?" त्यांनी हळूच विचारलं.

त्याने मान खाली घातली. "माफ करा, आजी. माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला."

"होऊ दे," आजी म्हणाल्या. "माझा लेक ट्रक चालवायचा. त्यालाही असंच व्हायचं. तो अपघातात गेला, त्या दिवशी मात्र त्याला गाडी थांबवायची लाज वाटली."