बहुधा

राजपुऱ्यातल्या मोठ्या विहिरीच्या पाण्यानंच पटकी पसरते, याची दिगंबर डॉक्टरांना खात्री होती. ते पाणी पिणाऱ्या घरांतूनच तिरड्या उठताना त्यांनी पाहिल्या होत्या. तसा इंग्रजी निबंध त्यांनी वैद्यकाच्या मासिकाला पाठवला. गोऱ्या संपादकानं तो परत धाडला. म्हणे, इतकं ठाम लिहिणं विद्वानाला शोभत नाही. डॉक्टरांनी मग जिवावर आल्यासारखं वाक्यावाक्यात ‘बहुधा’, ‘असे वाटते’, ‘शक्यता आहे’ घातलं. निबंध छापून आला, वाखाणलाही गेला.

तोच निबंध घेऊन ते पाणी-कमिटीकडे गेले आणि विहीर बंद करा म्हणाले. अध्यक्षांनी सावकाश वाचला.

"डॉक्टर, इथं तुमचीच खात्री दिसत नाही. नुसत्या शक्यतेवर लोकांचं पाणी कसं तोडायचं?"

थकलेले डॉक्टर परतताना विहिरीपाशी थांबले. मालूबाई भरलेला हंडा डोईवर घेत होती.

"बाई, नेऊ नका. या पाण्यानं पटकी होते."

"पक्की बात ना, डागदरसाहेब?"

"पक्की."


मालूबाईनं हंडा तिथंच ओतून दिला आणि तापीची लांबची वाट धरली.