म्यानाचं माप

दुसरं कडवं संपलं तसं क्लोव्हिसनं सवयीनं चिमट्यात पातं उचललं आणि त्याचा हात तिथंच थांबला. पातं पांढरं होतं. धुतलेल्या ताटलीसारखं लख्ख पांढरं.

पाणी दिलेलं, म्हणजे लाल तापवून एकदम विझवलेलं पोलाद काचेइतकं ठिसूळ असतं. तापलेल्या लोखंडी ठोकळ्यावर ठेवून ते पुन्हा हळूहळू गरम करायचं आणि त्यावर वाळल्या गवताचा पिवळा रंग चढला की लगेच उचलायचं. मग धारही टिकते आणि पातंही तुटत नाही. क्लोव्हिसला त्यासाठी घड्याळ लागत नसे. चर्चमधलं एक गीत तो गुणगुणायचा आणि दुसरं कडवं संपेतो रंग चढलेला असायचा. गेली तीन वर्षं असंच चाललं होतं. लाल लोखंडाला न भिणारा हा गडी डॉक्टरच्या सुरीला मात्र तीन वर्षं टाळत आला होता. अखेर मागच्या आठवड्यात त्याच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू एकदमच निघाले आणि आज तो पहिल्यांदाच भट्टीवर आला होता.

त्यानं पातं पुन्हा ठोकळ्यावर ठेवलं. तिसरं कडवं झालं, चौथं झालं. पाचवं संपत आलं तेव्हा कुठे धारेवर पिवळा रंग चढला.

क्लोव्हिस स्टुलावर बसला. गढूळ डोळ्यांना तीन वर्षं सगळंच पिवळं दिसत होतं, अगदी अंगणातला बर्फसुद्धा. म्हणजे कोरं पोलादही तसंच दिसलं असणार. म्हणजे या तीन वर्षांत त्यानं छाती फुगवून वाटलेल्या तीसेक सुऱ्या आणि डझनभर टॉमाहॉक, म्हणजे फेकायच्या लहान कुऱ्हाडी, सगळे कच्चे, ठिसूळ होते. शनिवारी कुऱ्हाडफेकीचा मेळावा होता. तिथं हेच टॉमाहॉक ओंडक्यावर फेकले जाणार होते आणि चारी बाजूंनी माणसं उभी राहणार होती. त्यातल्या एकाची कपची उडून कुणाच्या डोळ्यात गेली तर?

त्यानं डॉइलला फोन लावला. डॉइल त्याचा जुना दोस्त, मेळाव्यातला सगळ्यात जोरकस फेकणारा. शनिवारी तुझा टॉमाहॉक आणू नकोस, तो कच्चा राहिलाय, असं क्लोव्हिसनं एका दमात सांगून टाकलं.

"कच्चा?" डॉइल हसला. "अरे, परवा माझा नेम चुकला आणि तो थेट ओढ्यातल्या दगडावर आपटला. ठिणग्या उडाल्या, पण धारेला ओरखडा नाही. दिलेली वस्तू परत हवी असेल तर सरळ सांग की लेका."

फोन ठेवताना क्लोव्हिसला हायसं वाटायला हवं होतं. उलट तो आणखीच गोंधळला. कच्चं पोलाद दगडावर आपटून शाबूत राहतं, हे चाळीस वर्षांत त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

विचार करतच तो हातातलं पातं घेऊन घराकडे निघाला. म्यानं त्याची बायको नेड्रा शिवायची. पूर्वी मूठ बसवल्यावर ती माप घ्यायची. तीन वर्षांपूर्वी एकाएकी तिनं हट्ट धरला, की मूठ बसवायच्या आधी नुसतं पातं दे आणि दिवसभर माझ्याकडे राहू दे, त्याशिवाय माप नीट बसत नाही. इतकी वर्षं बसत होतं ते काय, म्हणून तो कुरकुरला होता. पण चामड्याच्या बाबतीत तिच्याशी वाद घालून तो कधीच जिंकला नव्हता.

स्वयंपाकघरात मक्याच्या पावाचा वास सुटला होता. नेड्रा ओव्हनचं दार उघडून बिडाचा तवा बाहेर काढत होती. खालच्या जाळीवर त्यानं ऑपरेशनच्या आधी केलेली दोन पाती आणि टॉमाहॉकचं एक डोकं शेजारी शेजारी पडलं होतं. तिन्हींवर वाळल्या गवताचा रंग होता. एकसारखा, धारेपासून पाठीपर्यंत.

तिनं वळून पाहिलं आणि घाईनं दार लावलं. मग स्वतःशीच मान हलवून तिनं ते पुन्हा उघडलं.

मग ती सगळं सांगू लागली. पहिली तुटली ती तिचीच सुरी, त्यानं तिला वाढदिवसाला दिलेली. भोपळा चिरताना टोक उडून खिडकीच्या चौकटीत रुतलं होतं. तिनं गावच्या वाचनालयातून पुस्तक आणून वाचलं. पावाला लागते तेवढीच आच पात्याला लागत होती, फक्त वेळ जास्त, दोन तास. ओव्हन का तापलाय असं त्यानं विचारू नये, म्हणून पाव.

"आणि मी कुरकुरायचो, की आज पुन्हा मक्याचा पाव," क्लोव्हिस म्हणाला. मग त्यानं विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"त्याच महिन्यात तू शाळेची बस चालवणं सोडलंस," ती म्हणाली. "डोळ्यांपायी. सांगितलं असतं तर भट्टीही सोडली असतीस."

सोडलीच असती. हे त्याला कळलं. तीन वर्षं मेळाव्यात लोक त्याची पाठ थोपटत होते, तेव्हा ही त्याच्या मागे उभी राहून म्यानांचे बंद आवळत होती. या बाईचे उपकार कसे फेडायचे, हे काही त्याला सुचेना.

"आता तुला दिसतंय," नेड्रा तवा टेबलावर ठेवत म्हणाली. "म्हणजे मी सुटले."

क्लोव्हिसनं हातातल्या पात्याकडे पाहिलं. पाच कडव्यांचा रंग, कुठं नाव ठेवायला जागा नव्हती. त्यानं वाकून ते ओव्हनमध्ये त्या तिन्हींच्या शेजारी ठेवलं, दार लावलं आणि खुर्ची ओढून बसला.

"पाव वाढ," तो म्हणाला. "आणि याच्या म्यानाचं माप नीट घे."